शेषरावची मिशी

शेषराव जरीपटका वस्तीत जन्मभर लाकडी सामानाला लाखेचं पॉलिश करत आला. टेबलाची खालची बाजूही तो सोडत नसे. "माह्यापेक्षा चांगलं पॉलिश दाखवा, मिशी काढतो," असं रोज म्हणायचा. ती झुबकेदार मिशी त्याला जिवापाड प्यारी.

मी त्याचा शेजारी. रविवारी आम्ही तिघं गोरेवाड्याच्या जंगलात गेलो. त्याची बायको कांताबाई बांबूच्या बेटाशी थबकल्या. "अहो, मिशी सांभाळा!"

बांबूच्या बुडाशी देठावर एक अळंबी उभी होती. तांबडी टोपी आरशासारखी चकाकत होती. शेषरावने बोट फिरवलं. कुठे डाग नाही, कापडाची रेघ नाही. मग तो खाली वाकला आणि ओरडला, "खालून कोरी हाय! अर्धंच काम! वाचलो गा!" आणि तो तिथेच नाचायला लागला.

मी आरागिरणीत ओंडके उचलले आहेत. अशा अळंब्या तिथे पुष्कळ पाहिल्या. म्हटलं, "नीट पाह्य गा. दुसऱ्या अळंब्यांसारखे पापुद्रे नाही, बारीक भोकं हायेत. त्यातून तिचं बी पडते. पॉलिशनं भोकं बुजतीन ना!"

कांताबाईंनी पाचोळा सारला. देठ पार मातीत शिरेपर्यंत तसाच चकाकत होता.

शेषराव देठावरून बोट फिरवत मातीपर्यंत गेला. मग पोट धरून हसला. "मातीतबी पॉलिश! एवढं त मीबी नाही केलं."

परतताना काटोल नाक्यावर न्हाव्याच्या खुर्चीत तो आपणहून बसला. मिशी उतरली. कांताबाई हसता हसता भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या,

"आता तुमीबी खालून कोरे!"