मसुरीला दुसऱ्यांदा

आईचं लहानपण मसुरीत गेलं. आजोबा सर्व्हे खात्यात नकाशे काढायचे. सात ते अकरा या वयात ती लंढौरच्या चढावरच्या एका लाकडी घरात राहिली. मग आजोबांची बदली पुण्याला झाली आणि पुढची साठ वर्षं तिचं तिकडे जाणं झालंच नाही. बाबा गेले, त्यानंतर मी इथून, परदेशातल्या अर्विंगहून, तिला फोनवर शब्द दिला, "मसुरीला मी नेणार तुला. मीच."

आणि माझा व्हिसा अडकला. अर्ज पेंडिंग होता. वकीलबाई म्हणाल्या, आत्ता देश सोडू नका, परत येताना पंचाईत होईल. एक वर्ष म्हणता म्हणता तीन गेली. आई पुण्यात दादा-वहिनींजवळ असते. दादा एकदा म्हणाला, "आम्ही नेऊन आणू का? तिचे गुडघे काही तरुण होत नाहीयेत."

मी चिडले. "एवढी एक गोष्ट माझ्यासाठी ठेव ना रे!"

तो बरं म्हणाला. आईही म्हणाली, "तुझ्याशिवाय नाही जायची मी."

फेब्रुवारीत एकदाचे कागद आले. त्याच दुपारी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीत बसूनच, मी एप्रिलचं तिकीट बुक केलं.

आम्ही दोघीच गेलो. डेहराडूनहून टॅक्सी वळणं घेत चढू लागली तसा आईने माझा हात घट्ट धरला. मॉल रोडवर "अगंबाई, केवढी ही हॉटेलं!" म्हणाली. लंढौरचं घर सापडलं. आता तिथे कुणाचं तरी गेस्ट हाउस होतं. फाटकापाशी ती थांबली आणि पदराने डोळे पुसू लागली. मी तिला जवळ घेतलं.

"सांग ना, कुठे खेळायचीस तू?"

"आता काय आठवतंय," ती म्हणाली. "सगळं तसंच आहे, एवढं खरं."

तिला भरून आलंय, बोलवत नाहीये, असं मला वाटलं. मलाही रडू आलं. तीन वर्षांचं सगळं त्या फाटकापाशी फिटलं असं वाटलं.

थोडं खाली, वळणावर चहाची टपरी होती. आम्ही बाकावर टेकलो. टपरीवाला आईकडे बघून मनापासून हसला. "माताजी, फिर आ गईं? इस बार बहू नहीं आई?"

"दुसरं कुणी असेल," आई माझ्याकडे वळून म्हणाली.

पण तो भला माणूस ऐकेना. दसऱ्याच्या सुमाराला आला होतात, मुलगा होता, सून होती, आलं जास्त घालायला लावलं होतंत, असं सगळं त्याने हिंदीत सांगितलं आणि न विचारता तसाच चहा केला. आईने ग्लास घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"कधी?" मी विचारलं.

"ऑक्टोबरात. चारच दिवस. तुला वाईट वाटेल म्हणून..."

त्या चार दिवसांत मी रोज फोन केला होता. कोल्हापूरला लग्नाला आलोय, रेंज नीट नाही, आईंशी नंतर बोल, असं वहिनी सांगायची.

हॉटेलवर गेल्यागेल्या मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "डॉक्टर ऑपरेशनचं बोलायला लागले होते. तिला अजून थांब म्हणवेना मला."

"मग जायचं होतं. मला सांगून जायचं होतं."

"तू नको म्हणाली असतीस."

तो बरोबर बोलत होता, म्हणून जास्त लागलं. उरलेले दोन दिवस आई आणि मी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागलो. गरम पाणी आलं का, शाल घे, असं.

अर्विंगला परतल्यावर मी वहिनीकडे ऑक्टोबरचे फोटो मागितले. तिने चाळीसएक पाठवले. एकात आई त्याच फाटकाच्या खालच्या दांडीवर एक पाय ठेवून उभी आहे, हात उंच करून काहीतरी सांगतेय आणि तोंडभर हसतेय. मी लगेच वहिनीला फोन केला. "काय सांगत होती गं ती?"

"माकडाचं," वहिनी म्हणाली. आजोबांच्या टेबलावरचा ओला नकाशा घेऊन माकड देवदारावर चढलं होतं, आणि अख्खं ऑफिस केळी हातात घेऊन झाडाखाली उभं. वहिनी छान सांगते. मी किराणा सामानाची पिशवी हातात धरून, ओट्यापाशी उभी राहून, माझ्या आईची गोष्ट तिच्याकडून ऐकली.

त्या रविवारी मी आईला विचारलं, "फाटकापाशी रडलीस, ते खरं होतं?"

ती म्हणाली, "एवढ्या लांबून आली होतीस गं. तुला काहीतरी मिळायला नको?"

मी बरं म्हटलं. तिच्यावर ओरडावं असं तिने काही केलं नव्हतं.

आम्ही अजून दर रविवारी बोलतो. परवा म्हणाली, रक्ताचे रिपोर्ट आले, सगळं नॉर्मल आहे. "वा, छान," मी म्हटलं. फोन ठेवला आणि वहिनीला मेसेज केला, रिपोर्टचे फोटो पाठव.