भुऱ्यानं मामांचा पाय खाल्ला

माझ्या सासऱ्यांना, चांगदेव मामांना, एका जागी बसलेलं कुणी पाह्यलं असंल तर त्यानं मला येऊन सांगावं. मी लग्न होऊन आले अठ्ठ्याण्णव साली. त्याच्या दोन वर्षं आधी उसाच्या ट्रॉलीखाली त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला व्हता. पाय गेला, पण पायाची भिंगरी काय गेली न्हाई. पुण्याच्या शिबिरात रबरी पाय बसवून आले, त्याच दिवशी कुबड्या कुऱ्हाडीनं फोडल्या अन् बंबात घालून अंघोळीचं पाणी तापवलं. म्हणले, आता ह्या घरात त्या परत लागायच्या न्हाईत.

ओझरच्या अलीकडं रानात आमची वस्ती. मामांच्या दिवसाला दहा फेऱ्या. विहीर, गोठा, कांदा, परत विहीर. लाईट आली की कुणी सांगायच्या आत मोटरच्या स्टार्टरपाशी हजर. माझा नवरा सुनील नारायणगावात दुकानात कामाला, अन् सासूबाई मी यायच्या आधीच वारलेल्या. दिवसभर घरी मी अन् मामा. मी डोक्यावर पदर घेऊन चहाचा कप ओट्यावर ठेवायचा, मी आत वळले की त्यांनी उचलायचा. सासरा-सून म्हटल्यावर आमच्यात तशीच रीत.

दोन हजार तीनच्या दिवाळीला मी माहेराहून, महाळुंगे पडवळहून, कुत्र्याचं पिल्लू आणलं. आमचं थोरलं कुत्रं बिबट्यानं नेलं व्हतं. त्या सालात उसात बिबटे लई माजले व्हते, अन् रानातल्या घराला कुत्र्याबिगर भागत न्हाई. रंग भुरा म्हणून नाव भुऱ्या.

पौषात भुऱ्या चार महिन्यांचा झाला अन् त्याच्या तोंडाला काय झालं देव जाणे. केरसुणी खाल्ली. सुनीलचा टॉवेल खाल्ला. गाईचा कासरा कुरतडला, ठिबकची नळी तीन जागी फोडली, पाटावर ऊन द्यायला काढलेल्या कुरडया तर कुरकुर वाजवत संपवल्या. मी भाकरी थापता थापता बाहेर पळायची, ह्याच्या तोंडातून एक ओढायची, तोवर ह्याचं दुसरं सुरू. जिवाला घटकाभर थारा न्हाई. नळीला मिरचीचा ठेचा चोळला, तर बेणं हातभर जीभ काढून पाणी प्यालं अन् परत नळीशी. कडुनिंबाचा पाला वाटून लावला, तो चाटून घेतला. शेजारचे गेणभाऊ म्हणले, बांधून टाक की. बांधायचं कसं? उसाच्या कडेला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट.

मग मी माझ्या डोक्यानं एक शहाणपणा केला. माझी जुनी तुटकी चप्पल त्याच्यापुढं टाकली. म्हटलं, घे बाबा, ही खा अन् बाकीचं सोड. दोन दिवस अंगणात शांतता. मी खुश. एवढी हुशार सून मामांना मिळाली कशी, असं मला वाटाय लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामांनी घाम वाळावा म्हणून रबरी पाय काढून ओट्यावर उन्हात ठेवला अन् खाटंवर आडवे झाले. भुऱ्याला काय, चपलेचाच मोठा भाऊ दिसला असंल. मी गोठ्यातून येऊन बघते तर पाय अंगणाच्या मधी, पुढची बोटं गायब, टाच कुरतडलेली, अन् भुऱ्या शेपूट हलवत माझ्याकडं बघतोय. जणू मी दिलेलं काम त्यानं नीट केलं.

मामांनी पाय हातात घेऊन उलटा-पालटा करून पाह्यला. पुण्याला फोन केला, तर नवा पाय तीन आठवड्यांनी.

संध्याकाळी सुनीलनं ऐकलं अन् त्याचं डोकं फिरलं. म्हणला, "रविवारी जुन्नरच्या बाजाराला जाताना ह्याला पोत्यात घालून माळावर सोडतो. विषय संपला." त्या दिवसांत माळावर सोडलेल्या पिल्लाचं काय व्हतं, हे आमच्या वस्तीवर लहान पोराला बी ठाऊक व्हतं.

अन् चूक माझी व्हती. एक वाक्य बोलायचं व्हतं, पण तोंड उघडंना. नवऱ्याचा राग मी कसाबसा पचवला असता. मामांची भीती वाटायची.

पुढचे चार दिवस मला आठवलं तरी धाप लागते. मामा खाटंवर. "लाईट आली का? पाणी कुठवर गेलं? दुसऱ्या वाफ्याला बारं मोडलं का?" दर दहा मिनिटाला. मी विहिरीवर पळायची, परत यायची, की पुढचा सवाल तयार. गेणभाऊ खांदा द्यायला आले तर मामांनी हाकलून दिलं. मी काय मढं हाय का, म्हणले. एकदा उठायला गेले अन् दाराची चौकट धरून तसेच उभे राह्यले, लई वेळ.

हाताला चाळा म्हणून त्यांनी जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या काढल्या, गाठी मारल्या, रांजणाच्या पाण्यात भिजवल्या अन् भुऱ्यापुढं टाकल्या. भुऱ्या गाठी चघळत खाटंखाली पडला. एका गाठीला रगात लागलेलं अन् तांदळाएवढा दात अडकलेला. मामा म्हणले, "दात पडत्यात ह्याचे. हिरड्या शिवशिवत्यात, तो तरी काय करंल?" भुऱ्यानं माझा पदर धरला तर मला म्हणले, "ओढू नको. ओढलं की त्याला खेळ वाटतो. गाठ दाव, आपोआप सोडंल." दावली. सोडला.

मग भुऱ्याकडं बघत म्हणले, "मला एकच कळंना. पायातलंच ह्याला गोड कसं लागतंय? कुणी शिकवलं?"

मी आत जाऊन पीठ मळत बसले. पीठ कवाच मळून झालं व्हतं.

शनिवारी संध्याकाळी सुनील लवकर आला, पोतं झटकलं, दारात ठेवलं. भुऱ्या त्यालाच हुंगाय लागला. तेव्हा माझ्यानं राहवलं न्हाई. मी पदर नीट केला अन् सुनील अन् भुऱ्याच्या मधी उभी राह्यले. म्हणाले, "चप्पल मी दिली व्हती. जुनी काय अन् नवी काय, पिल्लाला काय कळतंय? त्याला सोडायचं तर मला बी माळावर सोडा."

सुनील ओट्यावर बसला. मामांचा चेहरा लालबुंद झाला. "चार दिवस मी हितं कुजतोय," ते म्हणले, "मुक्या जनावराच्या माथी खापर फुटतंय, अन् तू ऐकत बसलीस?"

"हां," मी म्हणाले. "भ्याले."

ते काय बोलणार एवढ्यात विहिरीवरचा दिवा लागला. लाईट आली. मामांची नजर तिकडं गेली ती हलंना. गव्हाला पाण्याची पाळी द्यायची राह्यली व्हती. सुनील उठला, तर मी त्याला हातानं थांबवलं. चूक मी केली व्हती. खाटंपाशी गेले, त्यांच्या डाव्या अंगाला वाकले, अन् म्हणाले, "चला. मी नेते."

मामा कधी माझ्या सावलीला बी शिवले नव्हते. त्यांनी सुनीलकडं पाह्यलं, विहिरीकडं पाह्यलं, अन् दोन बोटं माझ्या खांद्यावर टेकवली. नुसती दोन बोटं. तसेच एका पायावर उड्या मारत निघाले. गेणभाऊंच्या दारातली बायामाणसं बघत व्हती, बघू दे म्हटलं. बांधावर त्यांचा तोल गेला, मी धरलं, तरी परत दोनच बोटं.

स्टार्टर त्यांनीच दाबला. पाणी पाटात आल्यावर हात घालून बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणले, "पोतं कांद्याला लागंल उद्या. सुन्याला सांग."

येताना अंधारून आलं व्हतं. मामांनी सगळा हात माझ्या खांद्यावर टाकला, अंगाचा सगळा भार टाकला, अन् घरापर्यंत काढला न्हाई. तीन आठवडे आमी दोघं तसेच रोज विहिरीवर जात व्हतो. माणूस किती जड असतो ते मला तेव्हा कळलं.