हातावरचा विंचू

माझ्या उजव्या हातावर विंचू गोंदलेला आहे. लहानपणी आईने जत्रेत गोंदवून घेतला. तो कधी कोणी नीट पाहिला नव्हता. फोनवरचं नेट स्वस्त झालं त्या वर्षी मात्र तो कुठे कुठे पोचला.

मी तेव्हाही घोलवडला चिकूच्या वखारीतच होते. झाडावरून काढलेल्या चिकूवर तपकिरी भुकटी असते, ती पाण्यात चोळली की निघते. आम्ही पाच बायका टाकीत चिकू धुवायचो. तासाभरात पाणी चहासारखं व्हायचं, मग ते बदलायचं.

एका सकाळी पोचले तर चौघी एका फोनवर वाकलेल्या.

"ये गं हिरोईन! तुझा विंचू पिक्चरमध्ये आलाय."

मी हसत वाकले. तपकिरी पाण्यात चिकू चोळणारे माझे हात. चेहरा नव्हता. चौथीपर्यंतच शिकलेली, खाली लिहिलेलं अक्षर अक्षर जुळवून वाचलं. 'बघा, चिकूला रंग कसा लावतात. विष खाऊ नका. सगळ्यांना पाठवा.'

मी हात पदराखाली घेतला. आठवलं, गाडी भरायला आलेला एकजण फोन धरून उभा होता. काय करतोस, एवढं विचारायलाही मी लाजले होते.

दुपारपर्यंत शेठचा फोन थांबला नाही. आधी ते गुजरातीत समजावत होते, मग मराठीत, मग नुसते ऐकत होते. पूर्वी तक्रार आली तर ओळखीचा व्यापारी फोन करायचा, शेठ शब्द द्यायचे, मिटायचं. आता ज्यांनी आमचा चिकू कधी चाखला नाही तेही बोलत होते. दोन गाड्या रिकाम्याच परत गेल्या. माल जाणार नाही तर आम्ही धुणार काय? आणि घरी बसवायचं झालं तर पहिली मीच, हे मला दिसत होतं. हात माझेच होते ना.

शेठची सून शहरात शिकलेली. वखारीचं फेसबुकचं पान तीच सांभाळायची, त्यावर बागेचे फोटो टाकायची. ती थेट माझ्याकडे आली. "ताई, हात दाखवा."

"वहिनी, मी नव्हतं त्याला बोलावलं." मी हात पुढे केला.

"तुम्हाला कोण काय म्हणतंय? लोकांनी हा विंचू पाहिलाय, तोच परत दिसला पाहिजे. दुसरीला उभी केली तर नाटक म्हणतील. आणि या वेळी चेहरापण हवा."

"चेहरा नको, वहिनी."

"हिचं तोंड लग्नातसुद्धा कोणी धड पाहिलं नाही," शेजारची म्हणाली. एरवी सगळ्या हसल्या असत्या.

खुर्चीतून शेठ म्हणाले, "जबरदस्ती नाही, बाई. पण उद्यापासून या टाकीत काय धुवायचं ते तुम्हीच सांगा."

मी उभी राहिले. टाकीत नवं पाणी भरलं. वहिनीने चार वाक्यं पाठ करून घेतली होती, फोन समोर येताच सगळी गेली. एक चिकू चोळला, भुकटी तळहातावर धरली. "ही झाडाचीच आहे. रंग नाही," एवढंच बोलले. नंतर चिकू खाऊन दाखवायचा होता. पिकलेला बशीत ठेवला होता. घाबरून मी हातातला कच्चाच चावला. चीक ओठांना चिकटला, तोंड वाकडं झालं, ओठ सुटेनात.

आता मात्र सगळ्या हसल्या. मी म्हटलं, पुन्हा घ्या. वहिनी म्हणाली, "नाही ताई, हेच जाणार. असं कोणाला शिकवून येत नाही."

लोक हसले आणि त्यांना पटलं. आठवड्याभरात गाड्या लागल्या. काम राहिलं. पण डहाणूच्या बाजारात अनोळखी माणसं माझ्याकडे बघून ओठ वाकडे करायची. तलासरीहून दिराचा फोन आला, "वहिनी, तुमचं तोंड आमच्या ग्रुपवर फिरतंय."

दोन वर्षांनी झाईच्या बसमध्ये शेजारच्या बाईने मला फोन दाखवला. "मावशी, चिकू खाऊ नका हां. बघा काय करतात." तेच पाणी, तेच हात. माझं वाकडं तोंड तिच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. हा हात माझाच, एवढं म्हणायचं होतं. उतरेपर्यंत हात पदराखालीच होता.

अजून मी तिथेच धुते. वखारीत कोणी फोन वर धरला की आम्ही पाचही जणी आधी हात पाण्याबाहेर काढतो. कधी कधी तो बिचारा नुसता किती वाजले बघत असतो.