पुसणीची प्रार्थना

नागासाकी बंदराच्या तोंडाशी एक लहानसं बेट आहे. टेकडीच्या अंगाला चिकटलेली कोळ्यांची घरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं पांढरं चर्च. त्या चर्चच्या पायथ्याशी तोमेआजी राहायची. बाप्तिस्म्याचं नाव इझाबेरिना, पण ते देवाला आणि पाद्र्याला ठाऊक. बाकी जगाला ती मासेवाली तोमे.

उभं आयुष्य तिनं खांद्यावर कावड घेऊन काढलं. पहाटेच्या बोटीनं शहरात उतरायचं आणि चढ चढायचे. शहरही असं उभं, की वरच्या घरातून टाकलेलं पाणी खालच्याच्या कौलावर पडावं. सपाट जागा म्हणून जी होती ती बंदर आणि दुकानांनी घेतली, माणसं राहिली लटकत. तोमेची हाक पहिल्या पायरीवर निघाली की शेवटच्या घरातली बाई चूल पेटवायला घ्यायची. नवरा समुद्रानं नेला तेव्हा मुलगा पाळण्यात होता. पुढे मुलगाही समुद्रावरच गेला, लांबच्या बोटींवर कामाला, आणि सून वारली तेव्हा नात सायो आजीच्या पदरात आली. आता गुडघ्यांनी जाब विचारायला सुरुवात केली होती, म्हणून कावड कोपऱ्यात गेली. आजी चर्चच्या वेदीची वस्त्रं धुऊन द्यायची, बायकांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या ओढण्यांना इस्त्री करायची, आणि इस्त्री करता करता कुणाची ओढणी किती विटली आहे त्यावरून कोण किती वेळा चर्चला येतं ते ओळखायची.

आता तिच्या एका सवयीबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं.

तोमेच्या आजीच्या तरुणपणी येशूचं नाव काढायला बंदी होती. प्रत्येक घरानं बौद्ध देवळात नाव लावलं पाहिजे, घरात माणूस मेलं की देवळातल्या पुजाऱ्याला बोलावलं पाहिजे, असा हुकूम. लोक बोलवायचे. पुजारी पुढच्या खोलीत मंत्र म्हणायचे, आणि मागच्या खोलीत चुलीपाशी बसून घरची म्हातारी माणसं ओठातल्या ओठात दुसरंच काही पुटपुटायची. ती पुसणीची प्रार्थना. पाटीवरची अक्षरं ओल्या फडक्यानं पुसावीत तसा त्या प्रार्थनेनं पुजाऱ्याचा मंत्र पुसला जायचा, आणि गेलेलं माणूस जसंच्या तसं येशूकडे पोचायचं. शब्द सातासमुद्रापलीकडचे, आणि इतक्या तोंडांतून झिजलेले की अर्थ पाद्र्यालाही लागेना. पुजाऱ्याशी वैर मुळीच नव्हतं. भला माणूस आहे, त्याला गरम चहा दे, पण त्याचा मंत्र घरात मुक्कामाला राहता कामा नये, असं आजीनं लहानग्या तोमेला शिकवलं होतं.

हुकूम केव्हाच उठला होता. चर्चं उघडपणे उभी राहिली, घंटा वाजू लागल्या. पण तोमेच्या ओठांना ते कुणी कळवलंच नाही. आपण जांभई आली की चुटकी वाजवतो, तसं तिचं होतं. मंत्र कानावर पडला की पुसणी तोंडातून सुरू. शहरात देवळांची एक आळीच आहे, तिथून कावड नेताना ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पुटपुटत जायची, आणि त्याच देवळांच्या मागच्या दारी सगळ्यांत ताजे मासे विकायची. तिथले स्वयंपाकी टोपलीवर फडकं ओढून घेत आणि मांजरासाठी हवेत म्हणून सांगत. एवढी बांगडेखाऊ मांजरं साऱ्या जपानात नसतील. आजी काही बोलायची नाही. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

आणि अशा घरातल्या मुलीचं मन बसावं कुठे, तर देवळाच्या पुजाऱ्याच्या पोरावर. सायो जहाजाच्या कारखान्यात कचेरीत होती, तिथेच शुन्तारो नकाशे काढायचा. सागा गावच्या पुजाऱ्याचा धाकटा मुलगा. थोरला गादी चालवणार होता, म्हणून धाकट्याला मोकळीक होती, पण लग्न बेटावरच्या चर्चमध्येच करायचं असा सायोचा हट्ट. पुजारीबाबांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. बायकोला म्हणाले, तू जाऊन ती चर्चं आणि ती माणसं बघून ये, तू सांगशील तसं. म्हणजे सगळं आलं किनुएबाईंवर.

किनुएबाई आल्या त्या दिवशी सायोला रजा मिळाली नाही, फक्त लवकर सुटायची परवानगी. दिवसभराची जबाबदारी आजीवर. सायोनं आजीच्या किमोनोचा पट्टा तीनदा बांधला आणि तीनदा सोडला. आजी म्हणाली, "अगं, बघायला तुला आल्यात. मला नटवून काय करतेस?"

"पसंत तुलाच करायचंय त्यांनी, आजी. मी पसंत आहेच," सायो म्हणाली आणि बोटीकडे पळाली.

किनुएबाई उंच, सावकाश बोलणाऱ्या, चेहऱ्यावरची घडी न मोडणाऱ्या. आजीला वाटलं, या बाईच्या पोटातलं कळायला पावसाळा जाईल. दोघी आधी शहरातल्या ओउराच्या चर्चला गेल्या. चढ आला तसे आजीचे गुडघे कुरकुरले, तर किनुएबाईंनी न विचारता दंडाला धरलं. आत रंगीत काचांतून ऊन पडलं होतं. त्याच चर्चमध्ये, बंदी असताना, उराकामी गावची बायामाणसं धीर करून आली आणि आमचं मन तुमच्यासारखंच आहे असं पाद्र्याला हळूच सांगून गेली, ही गोष्ट आजीनं सांगितली. घरच्या लग्नातली सांगावी तशी सांगितली. किनुएबाईंनी नीट ऐकलं. मग मेरीच्या मूर्तीपुढे उभ्या राहिल्या, हात जोडले आणि हलक्या आवाजात अमिदा बुद्धाचा नामजप केला. परक्या घरी गेल्यावर आपण आपल्या पद्धतीनंच नमस्कार करणार, दुसरा येतो कुठे? आजीला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि तिचे ओठ हलले. तिच्या ध्यानातही आलं नाही.

दुपारी ट्रामच्या थांब्यापाशी बाकावर बसून आजीनं डबा सोडला. भाताचे मुटके, मुळ्याचं लोणचं, उकडलेला भोपळा. किनुएबाईंनी झाकण उचलून आत पाहिलं, मग खालच्या कप्प्यात पाहिलं.

"तुम्ही चाळीस वर्षं मासे विकलेत असं सायो म्हणाली," त्या म्हणाल्या.

"हो ना."

"मग ते सगळे विकलेत का?"

आजीची पंचाईत झाली. देवळातली माणसं चारचौघांत मासे खात नाहीत, मांजराचं नाव पुढे करतात, एवढंच तिला ठाऊक. ती अडखळत तसं बोलून गेली. किनुएबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांच्या चेहऱ्याची घडी पहिल्यांदा मोडली. त्यांच्या पंथात तसली मनाई नाही, देवळात मांजरही नाही, आणि पुजारीबाबा भर दुपारी बांगडा काट्यासकट संपवतात, असं त्यांनी सांगितलं. आजीनं मनातल्या मनात आपल्या कपाळावर हात मारला. कोपऱ्यावरच्या दुकानातून माशाच्या वड्या आणल्या तेव्हा कुठे तिला स्वस्थ वाटलं. ही सोयरीक जमते, असंही वाटलं.

मग दोघी उराकामीला गेल्या. तिथलं मोठं चर्च नवं बांधलेलं आहे. जुनं अणुबाँबमध्ये गेलं. त्यातले दगडी संत बाहेर उभे करून ठेवलेत, काळे पडलेले, कुणाचं डोकं नाही, कुणाचं नाक. आजी तिथे येऊन नेहमी थोडी थांबायची आणि काही न बोलता पुढे व्हायची. आजही तेच करणार होती. पण किनुएबाईंनी विचारलं, तुमचं कुणी होतं का इथे.

"थोरली बहीण," आजी म्हणाली. "फुइ. या बाजूलाच दिली होती. तिची दोन मुलं." आणि मग, बोलायचं नव्हतं तरी, ती बोलत गेली. फुइ कशी आळशी होती, कावड कधी उचलायची नाही, पण भांडण झालं की तोमेच्या वाटचं भांडायची. त्या ऑगस्टात तिच्यासाठी वाळवलेले मासे पाठवायचे राहून गेले होते.

किनुएबाईंनी पिशवीतून जपमाळ काढली. हाताला गुंडाळली, त्या काळ्या दगडांपुढे मान वाकवली आणि नामजप सुरू केला. सकाळच्यासारखा दोन शब्दांचा नाही. शांत, लांब, एकेका नावाला थांबून. फुइचं नाव आलं. मुलांची नावं विचारून घेतली, तीही आली. डोळे पुसावेत म्हणून आजीनं हात वर केला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत.

ती पुसत होती.

आजीनं तोंड घट्ट मिटलं, पण प्रार्थना शेवटच्या शब्दावर आली होती. फुइसाठी एक परकी बाई उन्हात उभी राहून देवाकडे शब्द टाकते आहे, आणि सख्खी बहीण मागून फडकं फिरवते आहे. आणि सकाळी ओउरालाही हेच केलं असणार. त्याचं एवढं नाही. पण हे?

परतीच्या बोटीवर आजी गप्प होती, आणि आजी गप्प म्हणजे खलाशांनाही चुकल्यासारखं वाटलं. तिच्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. सांगावं, तर ही बाई म्हणेल, आमचं देवाचं नाव पुसणाऱ्या घरातली मुलगी मला नको, आणि सायोचं लग्न इथेच बुडेल. न सांगावं, तर फुइची प्रार्थना पुसलेलीच राहील. पाद्र्याजवळ कबूल करण्यातही अर्थ नव्हता. नवा पाद्री तरुण आहे, तो हसून जाऊ द्या आजी म्हणेल. जाऊ कसं देणार? गेलं कुठे तेच कळत नाही.

अर्धं बंदर मागे पडलं तेव्हा आजीनं एकदमच सांगून टाकलं. आजीची आजी, मागची खोली, चूल, देवळांची आळी, सगळं. शेवटी म्हणाली, "तुम्ही माझ्या फुइसाठी म्हटलंत, आणि मी पुसलं. मुद्दाम नाही हो. तोंडानंच केलं. पोरीचा यात काही दोष नाही. तिला मी हे शिकवलेलं नाही, तिला तर साधी जेवणाआधीची प्रार्थना आठवत नाही."

किनुएबाई समुद्राकडे पाहत राहिल्या. आजीनं मनात सायोच्या लग्नाच्या ओढणीची घडी घालून पेटीत ठेवून दिली.

"सकाळचंही पुसलंत?" त्यांनी विचारलं.

"पुसलं असेल."

"चाळीस वर्षं त्या आळीतलं सगळं?"

"जेवढं कानावर पडलं तेवढं."

"आणि वर मासेही खपवलेत." किनुएबाईंचे खांदे हलायला लागले. आजीला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, तोंडावर बाही धरून, आवाज दाबून, पुजाऱ्याच्या बायकोला शोभेल इतकंच, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आमचे हे घसा बसेपर्यंत मंत्र म्हणतात, त्या म्हणाल्या, आणि समोरचं माणूस पेंगत असतं. एवढं कान देऊन ऐकणारं, शब्द न् शब्द पुसून घेणारं कुणी असतं हे कळलं तर त्यांना बरंच वाटेल.

मग त्या गंभीर झाल्या. पुसलेलं परत आणता येतं का, असं त्यांनी विचारलं. आजी म्हणाली, माझ्या आजीनं पुसायचं शिकवलं, आणायचं नाही.

"मग मी पुन्हा म्हणते. तुम्ही तोंड आवरा."

"ते माझं ऐकत नाही, विहीणबाई," आजी म्हणाली. विहीणबाई कसं निघून गेलं तिलाच कळलं नाही, पण आज तोंडाचं राज्यच होतं.

किनुएबाईंनी पिशवीत हात घातला आणि सागाच्या गोल बिस्किटांचा पुडा काढला. भेट म्हणून आणला होता, द्यायचा राहिला होता. दोन बिस्किटं काढून आजीपुढे धरली. ही घ्या, म्हणाल्या, एकदम दोन्ही, चावू नका. तहानलेल्या वाळूसारखी असतात, तोंडात गेली की माणूस स्वतःचं नावही सांगू शकत नाही.

आजीनं दोन्ही गाल भरले. किनुएबाईंनी उराकामीच्या दिशेला तोंड केलं, माळ हाताला गुंडाळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. फुइ. मग तिची दोन मुलं. आजीचे ओठ उचलले, पण बिस्किटांनी जागा सोडली नाही. ऊन कलत होतं, बोटीचा भोंगा दोनदा ओरडला, आणि आजी गाल फुगवून, डोळ्यांतून पाणी गाळत, ऐकत उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिनं नामजप नीट ऐकला तो पहिल्यांदाच.

धक्क्यावर सायो वाट बघत होती. तिला लांबूनच दिसलं की होणारी सासू माळ घेऊन जप करतेय, आजी रडतेय आणि काही बोलत नाही. पोरीनं सगळं संपलं असं धरलं आणि तिथेच डोळ्याला रुमाल लावला. आजीनं हातवारे केले, त्यानं तर ती आणखीच घाबरली.

"रडू नकोस," किनुएबाई बोटीतून उतरता उतरता म्हणाल्या. "लग्न वरच्या चर्चमध्येच करा. त्यानंतर आमच्याकडे या, हे थोडा नामजप म्हणतील, पाहुण्यांसमोर, रीतीप्रमाणे. तुझ्या आजीला सगळ्यांत पुढे बसवायचं माझ्याजवळ. पुडा मी घेऊन येईन."

आजीनं घास गिळायचा प्रयत्न केला, तो काही उतरेना. शेवटी सायोनं धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवरून पेलाभर चहा आणला, तेव्हा कुठे इझाबेरिना तोमेला बोलता आलं. ती पहिलं वाक्य बोलली ते हे, की बिस्किटं चांगली आहेत, पण मीठ कमी आहे.