सांगितलं की विचारलं

"म्हंजे माझा निकाल लागून पण गेला?" जाधवकाका खुर्चीतून उठलेच.

मी रत्नागिरीत कोर्टाजवळ भाषांतराचं काम करते. काकांनी मुंबईच्या वकिलाची इंग्रजी नोटीस आणली होती. त्यांच्या बायकोला कायदेशीर वेगळं व्हायचं होतं. कारण एका ओळीत: मुंबईचं घर सोडायचा निर्णय नवऱ्याने युनिलॅटरल घेतला. मी 'एकतर्फी' म्हटलं आणि ते घाबरले.

हा घोळ नेहमीचा. एक पक्ष हजर नसताना कोर्ट आदेश देतं, त्यालाही आपण एकतर्फीच म्हणतो. इंग्रजीत तो एक्स पार्टी. युनिलॅटरल वेगळं. प्रश्न दोघांचा, पण एकानेच परस्पर ठरवून टाकायचं.

"निकाल नाही लागलेला, बसा. तुम्ही त्यांना न विचारता गावी आलात, असं त्यांचं म्हणणं आहे."

"खोटं हाय! रिटायर झाल्यावर सांगितलेलं मी. इकडं गावी, हातखंब्याजवळ घर बांधलं. तिला वाकायला होत नाय म्हणून सैपाकाचा ओटा उंच केला."

"सांगितलंत की विचारलंत?"

हे विचारणं माझं काम नव्हतं. पण शब्दाचा अर्थ तेवढाच होता.

काका परत खुर्चीत बसले. "सामानाचा टेम्पो ठरवला," ते म्हणाले, "मग सांगितलं."

त्यांनी तिथेच फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर.

"शालू, मी परत तिकडं येऊ काय? इचारतोय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आता विचारताय?" मग, "नको. मला एकटीची सवय झालीय. तुम्ही वेळेवर जेवता ना?"

"जेवतो."

फोन बंद झाला.

"आता हिचं पण युनिलॅटरलच ना, मॅडम?"

"नाही काका. तुम्ही विचारलंत, त्यांनी उत्तर दिलं."

त्यांनी मान हलवली. मी शटर ओढेपर्यंत ते बसून होते. मीही घाई केली नाही. माझीही घरी वाट बघणारं कोणी नाही.

पुढे काकांनी हरकत घेतली नाही. दोघांच्या संमतीने ते वेगळे झाले. ओटा तेवढाच उंच आहे. काका बायकोपेक्षा बुटके; म्हणतात, त्यांना तो छातीला लागतो.

तेव्हापासून युनिलॅटरल आलं की मी नुसतं 'एकतर्फी' लिहीत नाही. 'दुसऱ्याला न विचारता' असं लिहिते. वाक्य लांबतं, पण माणूस भलत्याच गोष्टीला घाबरत नाही.