खिशातला फ्यूज

खलनायकानं हळू बोलावं, हे माझं फार जुनं मत आहे. ओरडणारा खलनायक म्हणजे तिखट जाळलेली भाजी. ठसका लागतो, चव लागत नाही. पांढरे बूट, मांडीवर मांजर, गुहेत लाल दिवे, हे सगळं मला मनापासून आवडायचं, पण त्याची भीती मात्र कधी वाटली नाही. हिरो तर मी बघतच नसे. हिरो गाणं म्हणायला लागला की आम्ही शेंगदाणे सोलायला घ्यायचो.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी आत्या. पांढुर्ण्याच्या टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूला, पंख्याखालच्या बाकावर आमची जागा ठरलेली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा बसले होते. आत्या मुलींच्या शाळेत शिकवायची, पस्तिशीला टेकली होती आणि तिचं लग्न व्हायचं होतं. त्याच वर्षी घरात टीव्ही आला. वडील गच्चीवर अँटेना फिरवायचे, खालून आम्ही ओरडायचो, “आलं! आलं! गेलं!” आणि पडद्यावरच्या मुंग्यांतून एक गुप्तहेर दर आठवड्याला खुनी शोधायचा. आत्या त्याच्या आधी शोधायची. खुर्चीत मागे रेलून म्हणायची, “हा.” आणि हाच निघायचा.

“कसं काय ओळखतेस तू?”

“ज्याले घाई असते तो सापडते. ज्याले घाईच नाही ना, त्याले भ्यावं.”

त्या जानेवारीत, संक्रांत नुकतीच झाली होती, आत्याला एक स्थळ आलं. सौंसरच्या पुढे, रामाकोन्याकडे, संत्र्याचा मोठा बगीचा, पक्कं घर, जीप. माणूस बिजवर. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी पाय घसरून विहिरीत पडली, असं मध्यस्थानं सांगितलं, आणि लगेच चहा मागितला. वडिलांनी आत्याला स्पष्टच सांगितलं, “बाई, यानंतर स्थळ येईल असं मले वाटत नाही. घर पाहून येऊ, मन बसलं तर पुढच्या आठवड्यात साक्षगंध.” मी रात्रभर विहीर बघत होते, आणि माझ्या विहिरीला मागून संगीतसुद्धा होतं.

सौंसरपर्यंत बसनं गेलो. तिथून त्याची जीप. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बगीचे हिरवेगार, झाडांना फळं लगडलेली. मग जीप एका फाटकातून आत वळली आणि मी आत्याचा हात धरला.

तो बगीचा मरत होता. एकूण एक झाड. पानं मुरगळून गुंडाळलेली, खाली पिवळा पाचोळा, जमिनीला बोट जाईल अशा भेगा. वाराही नव्हता. मधोमध विहीर होती. मी वाकून पाहिलं, तर पाणी हाताशी आल्यासारखं वर, काळं, अगदी स्थिर. काठाला कठडा नाही. मोटर बंद. एका दगडाला दोर आणि बादली.

“आत्या,” मी कुजबुजले, “विहीर भरलेली, अन् झाडं तहानेनं मरून राहिली. काऊन?”

“उपसत नसतील.”

“काऊन नसतील?”

ती दोर-बादलीकडे पाहत होती. मी मनातल्या मनात पूर्ण रीळ फिरवलं होतं. बायको त्या पाण्यात गेली, म्हणून त्या पाण्याला हात लावायची याची छाती होत नाही. ज्याचे हात स्वच्छ असतात तो पाण्याला भीत नाही. मी तर निकालही लावून टाकला.

मग तो बाहेर आला. काळा चष्मा नाही, गालावर वण नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावलेले केस, आवाज इतका मऊ की वडिलांना पुढे झुकावं लागलं. त्यानं स्वतः संत्रं सोललं. साल न तोडता, एका लांब पट्टीत, सावकाश. फोडी बशीत मांडून त्यानं त्या आत्यापुढे सरकवल्या. त्याची आई दाराशी पदर सावरून बसली होती.

वडिलांना राहवलं नाही. “बगीचा असा काऊन वाळला म्हणतो मी?”

तो हसला. “वाळला नाही शेठजी, वाळवला. ताणावर सोडला आहे. या दिवसांत पाणी तोडायचं, झाड तहानेलं ठेवायचं, मग एकदम पाणी सोडलं की फूल फुटते. सगळेच करतात. शेजारचे बगीचे दुसऱ्या बहाराचे आहेत, म्हणून हिरवे.”

वडील इतके खो खो हसले की म्हातारीही हसली. आम्ही कापडवाले, संत्रं आम्हाला फक्त टोपलीत दिसायचं. “अन् आमच्या पोरीचं तोंड पाहा!” वडील माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. “हिच्या डोक्यात सिनेमा भरला आहे जी. तिनं तर तुम्हाले बेड्याही घातल्या असतील.” माझे कान तापले. मी संत्र्याची फोड तोंडात टाकली. गोड होती, काय सांगू.

आत्या हसली नाही. तिनं शाळेतल्यासारखं विचारलं, “झाड किती सोसते, हे कसं कळते?”

तो खुलला. “दुपारी पान मुरगळते, सकाळी पुन्हा सरळ होते. ज्या दिवशी सकाळीही सरळ होत नाही, त्या दिवशी समजायचं. आधी पाणी दिलं तर मेहनत वाया. उशीर केला तर झाड गेलं. रोज जाऊन पाहावं लागते. घाई करून चालत नाही.”

“जातात काही?”

“जातातच दोन-चार. ते धरलेलं असते.”

“अन् गड्यांनी चुकून मोटर लावली तर?”

“कशी लावतील?” त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला आणि चिनी मातीचा एक पांढरा फ्यूज काढून बशीशेजारी, सालीच्या वेटोळ्यात ठेवला. “पाणी सोडेपर्यंत हा माझ्याजवळ.”

आत्या त्या फ्यूजकडे पाहत राहिली. “मग घरच्या पाण्याचं?”

“दोरानं काढायचं. थोड्या दिवसांचा तर प्रश्न असते.”

“त्याही ताणाचेच दिवस होते का? त्या गेल्या तेव्हा?”

बाहेर पाचोळ्यातून कोंबडी चालत गेली, तेवढाच आवाज. म्हातारीनं मान खाली घातली. तो मात्र गडबडला नाही, रागावला नाही, आवाजही चढवला नाही. “हो,” म्हणाला. “काठ ओला होता. मी तिला सांगितलं होतं, जपून काढत जा.” आणि फ्यूज उचलून, पुसून, परत खिशात ठेवला.

परतीच्या बसमध्ये वडील खिडकीकडे तोंड करून बसले होते. सौंसर मागे पडल्यावर आत्या म्हणाली, “दादा, नाही म्हणून कळवा.”

वडील उसळले. “काऊन? पोलीस झाले, पंचनामा झाला, गाव सांगते घसरली म्हणून! तू पण या पोरीच्या नादी लागली का?”

“घसरलीच, दादा,” आत्या म्हणाली. “ढकललं असं मी कुठं म्हणून राहिली?”

वडील पुन्हा खिडकीकडे वळले. घरी आल्यावर, चपलाही न काढता, ते मध्यस्थाकडे गेले.

पुढे स्थळ आलं नाही. आम्ही दोघी पंख्याखालच्या त्याच बाकावर बसत राहिलो. गुहेत दिवे लागायचे, कोणी तरी ओरडायचं, मी टाळ्या वाजवायचे. आत्या मात्र पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या सभ्य, इस्त्रीच्या माणसाकडे पाहत असायची. तो नायिकेचा काका असेल, नाही तर डॉक्टर. मला कोपरानं ढोसून ती म्हणायची, “तोंड नको पाहू त्याचं. खिसा पाहा.”