तेविसावी खोली

पडदा वर जातो. समोर समुद्र, त्याच्या अलीकडे वाळू, आणि वाळूवर एकावर एक रचून दोरखंडाने बांधलेल्या चाळीस खुर्च्या. मिटलेल्या छत्र्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, खेळ संपल्यावर विंगेत भाले ठेवून जावेत तशा. सरबताच्या टपरीला फळ्या ठोकलेल्या. ऊन मात्र लख्ख पडलं आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर लोक थंडीने हात चोळत बसले असतील, आणि या बेटावर भर हिवाळ्यात दुपारी स्वेटर काढावा लागतो. पण पाणी पोहायला गार, लाँच आठवड्यातून दोनदाच, दुकानं बंद. मग येतं कोण? अशा रिकाम्या प्रेक्षागृहासमोर, दुमजली हॉटेलच्या मागच्या दारातून, एक बाई प्रवेश करते. वय चौसष्ट. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बगलेत निळ्या पुठ्ठ्याची वही. चाल अशी, की प्रत्येक पायरीशी तिची आधी बोलणी व्हायची आणि मग पाय उचलायचा.

बेटावर तिला सगळे किल्लीबाई म्हणत. नवऱ्याच्या माघारी, छत्तिसाव्या वर्षी, एका हंगामापुरती म्हणून ती आली आणि अठ्ठावीस हंगाम राहिली. चादरी, अभ्रे, टॉवेल, साबणाच्या वड्या, बावीस खोल्या. उन्हाळ्यात तिला बसायला सवड नसे. पाहुणे विचारत, आणखी एक उशी आहे का? ती म्हणे, आहे ना. गरम पाणी? आहे ना. सुईदोरा, पट्टी, पोटदुखीची गोळी, हरवलेल्या चपलेचा जोड? आहे ना. नसलं तरी आधी आहे ना म्हणायचं आणि मग आणायला धावायचं, ही तिची रीत. जिभेला ते इतकं सवयीचं झालं होतं की झोपेत हाक मारली असती तरी तेच उत्तर आलं असतं.

हिवाळ्यातलं काम वेगळं होतं, आणि ते फक्त याच हॉटेलात चाले. थोरल्या मालकांनी ते लावून दिलेलं. अंगाने अघळपघळ माणूस, दोन जिने चढले की भिंतीला टेकायचा. ते म्हणत, "बाई, खोली उभ्याने कळत नाही. आडवं झाल्यावर कळते." म्हणून हंगाम संपला की किल्लीबाईने रोज एका खोलीत जेवणानंतर चार वाजेपर्यंत पलंगावर पडायचं. अर्धा वेळ डाव्या कुशीवर, अर्धा उजव्या. डोळे उघडे, कान उघडे. मग उठून वहीत लिहायचं. खोली चार: डावा नळ रडतो. खोली नऊ: पंखा जोरात केला की मान हलवतो. खोली अकरा: कपाटाचं दार आपलं आपण उघडतं, पाहुणे घाबरतील. वही मिस्त्रीकडे जाई आणि तो हातोडी-पाना घेऊन एकेक दोष काढी.

मिस्त्री तिला चिडवायचा, की साऱ्या बेटावर झोपायचा पगार घेणारी ही एकटी. ती म्हणायची, ये, तूच पड एकदा, कानाशी नळ ठिबकत असताना डोळे मिटून दाखव. अठ्ठावीस वर्षं हेच दोन संवाद, शब्दाला शब्द. दोघांपैकी कुणी एक विसरलं असतं तर दुसऱ्याने आठवण करून दिली असती.

या हिवाळ्यात मात्र मिस्त्री एक दिवस वही घेऊन परत आला. म्हणाला, सहा नंबरला दोष नाही असं लिहिलंयत, आणि तिचा नळ मला अंगणातून ऐकू येतो. किल्लीबाईने वही घेऊन बगलेत मारली. सांगणार काय? सहा नंबरमध्ये तिला झोप लागली होती. चौदामध्ये आणि सतरामध्येही. पाठ टेकली की विहिरीत दगड पडावा तशी ती जायची, आणि जाग यायची ती पाच वाजता, गालावर अभ्र्याच्या शिवणीचा वळ घेऊन. मग घाईघाईने लिहायची: दोष नाही. इतक्या वर्षांत तिने वहीत खोटं लिहिलं नव्हतं. आता तीनदा लिहिलं होतं.

थोरल्या मालकांच्या सुनेने, म्हणजे आताच्या मालकीणबाईंनी, हे न सांगता ओळखलं होतं. बाई मनाने वाईट नव्हती. तिने किल्लीबाईला खुर्चीवर बसवलं, स्वतः चहा दिला आणि सांगितलं, की तुम्ही दमलात. पुढच्या हंगामाला नवी बाई येते आहे, तुमची मागची खोली तिला लागेल. हिवाळा संपेपर्यंत निवांत राहा. मग विचारलं, "तुमची कुठे सोय आहे ना?"

"आहे ना," किल्लीबाई म्हणाली.

जीभ बोलून गेली. सोय कुठे होती? जगात तिला एकच माणूस होतं, धाकटी बहीण. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या शहरात ती शिंप्याच्या दुकानात काजं करायची, दिवसाला शंभर-शंभर भोकं. किल्लीबाईने तिला पत्र लिहिलं, की सध्या खोल्या रिकाम्या आहेत, मालकीणबाईंची परवानगी आहे, चार दिवस ये, गुडघ्यांना ऊन लागेल. खरा प्रश्न पत्रात लिहिला नाही. समोर आल्यावर विचारू म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत धाकटी एकदाही आली नव्हती, कारण हंगामात ताईला वेळ नसे आणि हिवाळ्यात धाकटीच्या दुकानात लग्नाचे कपडे असत.

या वेळी मात्र दुकानातून रजा काढून मंगळवारच्या लाँचने धाकटी आली. एकोणसाठ वर्षांची, बारीक, बोलघेवडी, डोळ्यांवर जाड भिंग. शनिवारच्या लाँचने परत जायची होती. मधे चार दिवस होते आणि विचारायचं होतं एकच वाक्य.

किल्लीबाईने तिला बावीस नंबर दिला, वरच्या मजल्यावरची टोकाची खोली, दोन्ही अंगांनी समुद्र. बहिणीच्या जवळ असावं म्हणून स्वतःचं आडवं होणं तिने त्या आठवड्यापुरतं शेजारच्या एकवीसमध्येच ठेवलं होतं, त्यामुळे तिचा स्वतःचा चष्मा, शाल आणि पाण्याचा तांब्या एकवीसच्या खिडकीत. धाकटीने दारातून डोकावून ते पाहिलं आणि गालावर हात ठेवला. म्हणाली, अगं ताई, तू अशी राहतेस? माझ्या खिडकीतून शेजारच्यांची मोरी दिसते आणि तुझ्या खिडकीत अख्खा समुद्र.

तेव्हाच सांगून टाकायचं, की ही माझी खोली नव्हे. पण बहीण इतकी हरखली होती की किल्लीबाईला तिचा आनंद मोडवेना. ती नुसती हसली. तिथे पहिली गाठ बसली आणि पुढचा सगळा दोरा गुंतत गेला.

कारण पाहुणचार करायचा म्हणजे काय, हे तिला एकाच तऱ्हेने येत होतं. बहिणीच्या दारावर ती दोन बोटांनी टकटक करायची आणि म्हणायची, येऊ का? रोज चादर बदलायची. टॉवेलाची घडी पंख्यासारखी करायची. धाकटी पलंगावर जागा करून म्हणायची, बस की गं. ही दाराच्या कडीवर हात ठेवून उभी. "काही हवंय का?" असं विचारून वाट बघायची, आणि काही नको म्हटलं की जायची. बाहेर गेल्यावर जिन्यात थांबायची, कपाळाला हात लावायची. बावीस खोल्यांचे दोष सांगणाऱ्या बाईला आपल्या मनातली एक गोष्ट सांगता येईना.

गुरुवारी दोघी वाळूवर गेल्या. किल्लीबाईने एक खुर्ची सोडवून आणली. एकच. धाकटीने पाण्यात पाय घातले, किंचाळली, हसली, परत आली आणि खुर्चीवर बसून समुद्राकडे बघत राहिली. मग स्वतःशी बोलावं तसं बोलली. मुलगा-सून बदलीच्या गावी गेले. दीड खोलीत आता एकटीच. पलंग रुंद आहे, अर्धा रिकामा राहतो. पण समुद्र सोडून मोरी बघायला कोण येईल, सांग.

बोलायची वेळ आली होती. समोरच्याने अख्खं वाक्य ताटात वाढून दिलं होतं. किल्लीबाईच्या ओठांपर्यंत आलंही. पण पाय ठणकत होते, उभं राहून तास झाला होता, आणि तिने जे सवयीचं होतं तेच म्हटलं, की वारा सुटलाय, शाल आणू का? धाकटीने मान हलवली. दोन बहिणींची अळीमिळी गुपचिळी झाली आणि सूर्य आपला खाली गेला.

शुक्रवारी जेवणानंतर किल्लीबाई एकवीसमध्ये आडवी झाली आणि तिला पुन्हा झोप लागली. उठली तेव्हा चार वाजून गेले होते. बावीसवर टकटक केलं, उत्तर नाही. आत कुणी नाही. वाळूवर नाही. स्वयंपाकघर तर कुलूपबंद. मिस्त्री अंगणात पाइप कापत होता, त्याने करवतीनेच मागच्या बाजूला खूण केली. म्हणाला, गरम पाण्याची पिशवी शोधत होत्या, दोन तास झाले, आत गेल्या त्या आल्याच नाहीत.

मागच्या बाजूला चादरींचं कोठार होतं. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर घड्या, आणि घड्यांच्या मधे, दाराला लागून, एक लोखंडी पलंग. उशाशी भिंतीवर पितळी घंटी, बावीस खोल्यांतून कुठूनही दोरी ओढली की वाजणारी. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक, जिच्यावर वडिलांचं नाव अजून पुसटसं दिसत होतं. त्या ट्रंकेनेच धाकटीला सगळं सांगितलं होतं. ती पलंगावर आडवी होती, उजव्या कुशीवर, डोळे उघडे. पोटावर निळी वही, तिथेच फळीवर सापडलेली.

किल्लीबाई दारात उभी राहिली. येऊ का, म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"सगळ्या खोल्यांत पडून पाहिलंस," धाकटी म्हणाली. "हिच्यात कोण पडलं होतं?"

"यादीत बावीसच खोल्या आहेत."

"मग ही तेविसावी. ऐक." तिने वही डोळ्यांजवळ धरली आणि वाचलं, काजं घालावीत तितक्या नेटकेपणाने. खिडकी नाही. पाइपातून पाणी गेलं की वाटतं कुणी खोकतंय. पलंग वीतभर आखूड, पाय गजांना लागतात. घंटी कानाशी, माणूस दचकूनच उठणार. वास साबणाचा. "आणि बावीस नंबरलाही एक दोष आहे, तो मी आधीच लिहिलाय. पाहुणीची बहीण उभीच राहते."

किल्लीबाई बसली. पलंगाच्या कडेला, बहिणीच्या पायांशी. अठ्ठावीस वर्षांत त्या पलंगावर दोन माणसं पहिल्यांदाच होती, आणि तो कुरकुरला. तोही दोष धाकटीने लगेच टिपून घेतला.

मग सगळं बाहेर आलं, रडू न येता, सपाट आवाजात, सामानाची यादी सांगावी तसं. नवी बाई येणार. ही खोली तिला लागणार. सोय आहे ना, असं विचारलं तेव्हा आहे ना म्हणून बसले. आणि तीन खोल्यांत झोपले, खोटं लिहिलं. तिला जास्त लाज या शेवटच्या गोष्टीची वाटत होती.

धाकटीने ऐकून घेतलं आणि मग झाडलं. म्हणाली, चार दिवस माझे टॉवेल दुमडत बसलीस, त्यापेक्षा तोंड उघडलं असतंस तर? मी येताना लाँचमध्ये हेच घोकत आले, ताईला म्हणायचं, चल माझ्याकडे. वर येऊन तो समुद्र बघितला आणि गप्प बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, तिने विचारलं, "येतेस ना?"

"तीन खोल्या राहिल्यात," किल्लीबाई म्हणाली.

शनिवारची लाँच रिकामी गेली. शनिवारी सहा, रविवारी चौदा, सोमवारी सतरा. दोघी मिळून आडव्या झाल्या, एक डाव्या कुशीवर, एक उजव्या. किल्लीबाईला डोळा लागला की धाकटी कोपराने ढोसायची. सहाचा नळ खरंच रडत होता. चौदाच्या छताला केसाएवढी चीर होती. सतरामध्ये खूप शोधूनही काही सापडेना. तेव्हा किल्लीबाईने वहीत तेच दोन शब्द लिहिले, दोष नाही, आणि यावेळी ते खरे होते.

मंगळवारी धक्क्यावर मिस्त्रीने ट्रंक आणून ठेवली. मालकीणबाई आल्या होत्या, त्यांनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. किल्लीबाईने कमरेचा जुडगा सोडून त्यांच्या हातात दिला आणि तिची कमर एकदम हलकी झाली, इतकी, की ती जराशी डावीकडे कलली. वर्षानुवर्षं उजव्या बाजूला वजन होतं. मिस्त्रीला काहीतरी बोलायचं होतं. तो एवढंच म्हणाला, की आता झोपायचा पगार बंद. ती म्हणाली, ये, तूच पड एकदा.

लाँचने दुसरा भोंगा दिला. धाकटी आधी चढली, वरून हात पुढे केला आणि घराची माहिती देत सुटली: नळाला पाणी सकाळीच येतं, जिना अरुंद आहे, पलंग रुंद असला तरी एकच, लहानपणी तू दाराकडे झोपायचीस, कुणी हाक मारली की उठायला, तशीच झोप हवी तर.

किल्लीबाईने तिचा हात धरला, फळीवर एक पाय ठेवला, दुसरा ठेवण्याआधी थांबली, दम घेतला.

"आता मी भिंतीकडे," ती म्हणाली. "दार वाजलं तर तू उठायचं."